गोयोचा उजवा गुडघा

गोयो कुठल्याही खोलीत शिरला की आधी मागे बघायचा. डाव्या खांद्यावरून एक नजर, उजव्या खांद्यावरून एक, आणि मग 'हालो'. आमच्या प्राक्सिसमध्ये, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, तो पहिल्यांदा आला, तेव्हा बाहेर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या पर्स मांडीवर ओढून घेतल्या. याच्या मागावर पोलीस आहेत असंच त्यांना वाटलं असणार. फ्राउ केस्लर, म्हणजे आमची मालकीण, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वैदेही, हा पेशंट तुझा. स्पॅनिश आहे. तुम्हा बाहेरच्या लोकांचं आपापसात जमेल."

मी चिंचवडची. तो स्पेनमधल्या कुठल्याशा कोरड्या खेड्यातला. आमचं आपापसात जमण्यासारखं काय होतं ते फ्राउ केस्लरलाच ठाऊक. पण तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, गोयोचा उजवा गुडघा माझ्या हातात होता. एखाद्या माणसाचा गुडघा तीन वर्षं हातात असला की त्याच्याबद्दल नको तेवढं कळतं.

मंदारला, माझ्या नवऱ्याला, वाल्डॉर्फच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही जर्मनीत आलो आणि पुढे डार्मश्टाटला स्थायिक झालो. मी पुण्यात आठ वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. इथे माझी पदवी मान्य व्हायला, म्हणजे अनेरकेनुंग मिळायला, तीन वर्षं लागली. तोवर मी चादरी बदलायचे, गरम मातीची पाकिटं आणून द्यायचे, म्हाताऱ्यांचे मोजे काढायचे. शेवटी तो कागद आला, आणि त्यानंतर मला स्वतंत्रपणे मिळालेल्या पहिल्या काही पेशंटांपैकी गोयो एक.

तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. फुटबॉल खेळणं हा त्याचा धंदा. गोलच्या पुढ्यात मधोमध उभं राहून समोरून येणारं सगळं परतवायचं, हे त्याचं काम. गावाकडे सुरुवात केली, तिथल्या दुसऱ्या लीगपर्यंत पोचला, आणि तेविसाव्या वर्षी इथून तासाभरावरच्या एका शहरातल्या क्लबने त्याला जर्मनीत आणलं. तो क्लब दुसऱ्या लीगमध्ये होता. मग गोयो तिसऱ्यात गेला, मग चौथ्यात. माझ्याकडे आला तेव्हा चौथ्यातच होता, आणि पाचव्यात त्याला कुणी घेणार नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने पँट वर करून मला गुडघ्यावरच्या तीन टाक्यांच्या खुणांची ओळख करून दिली. "ही घरची. ही माद्रिदच्या डॉक्टरची. आणि ही जर्मन." थोडं थांबून म्हणाला, "जर्मन सगळ्यात सरळ आहे."

मी हसले. तोही हसला, पण हसताना नजर दाराकडे.

माझं नाव त्याला कधी उच्चारता आलं नाही. 'व'चा 'ब' आणि 'ह' गिळलेला. मी त्याची 'बाइदेई' झाले. दुखेल का, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही. बाकीचे सगळे विचारतात, पोलिसातले धिप्पाड गडीसुद्धा. गोयो विचारायचा, "किती वेळ?" पाच मिनिटं म्हटलं की छताकडे बघत पाच मिनिटं पडून राहायचा. त्या गुडघ्यात आतली गादी जवळजवळ उरलीच नव्हती. हाडावर हाड घासायचं, ते माझ्या तळहाताला कळायचं. त्याच्या कपाळावर मात्र आठी नसायची. जर्मन त्याला बऱ्यापैकी यायची, पण ती मैदानावर शिकलेली. 'मागे', 'डावीकडे', 'वेळ आहे', 'बाहेर काढ' हे झकास यायचं. हवापाण्याच्या गप्पा मारायच्या म्हटल्या की अडखळायचा. आणि आवाज सदैव मोठा. शेजारच्या खोलीतले पेशंट तक्रार करायचे. मी सांगितलं की ओशाळून हळू बोलायचा, आणि दोन वाक्यांनी पुन्हा मैदानावर जायचा.

त्याची मुलगी लुसिया तेव्हा नऊ वर्षांची होती. बायको आंके त्याच्या पहिल्या जर्मन क्लबच्या शहरातली. घटस्फोट झालेला. बुधवारी आणि एक सोडून एक शनिवार-रविवारी लुसिया त्याची. तिचा विषय निघाला की गोयो हातांनी तिची उंची दाखवायचा आणि दर वेळी बोटभर वाढवायचा.

एका गणपतीत मी त्या बापलेकीला बोलावलं. आमचं मराठी मंडळ डार्मश्टाटच्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतं. गोयो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मूर्तीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग मंदारला विचारलं, "हा कुठल्या जागेवर खेळतो?"

मंदार म्हणाला, "सगळ्यात पुढे. पहिला मान त्याचा."

गोयोने पोटाकडे नीट बघितलं आणि मान हलवली. "नाही. गोलकीपर."

जेवणं झाली आणि स्टेजवर लहान मुलींचा नाच सुरू झाला. लुसिया माझ्या शेजारी बसली होती. मधेच गोयो खुर्चीवरून उठला आणि स्टेजच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. मागचे लोक वैतागले, कारण मोबाईलवर नाच घेताना मधे याची पाठ येत होती. कुणीतरी 'बसा हो खाली' असंही ओरडलं. लुसियाने तोंड झाकून घेतलं आणि पुटपुटली, "पापा, पाइनलिश!" म्हणजे लाज आणतोस. पुढच्याच क्षणी जोश्यांची पाच वर्षांची मुलगी गिरकी घेत मागे आली आणि स्टेजवरून खाली गेली. आमचा 'अरे' तोंडातून निघेपर्यंत ती गोयोच्या हातात होती. तिला झेलताना तो उजव्या गुडघ्यावर आदळला. हॉलभर टाळ्या पडल्या. जोशीवहिनी रडायला लागल्या.

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तीनदा मागे आली होती," तो म्हणाला, "मागे न बघता."

गुडघा पुढे दोन आठवडे सुजलेला होता. त्या टाळ्यांबद्दल तो मला म्हणाला, "बाइदेई, डिफेंडरला टाळ्या मिळाल्या तर समजायचं, आधी काहीतरी चुकलंय. त्या मुलीला स्टेजवर असतानाच हाक मारायला हवी होती. मला तिचं नाव माहीत नव्हतं."

त्याच्या आयुष्यात जे चुकलं होतं, ते मला नोव्हेंबरात कळलं. तेव्हा मी त्याच्या मांडीचे स्नायू सैल करत होते. पडद्यापलीकडे एक बाई तिच्या मुलाला हाका मारत होती, "लेओ! लेओ, कोम!" माझ्या हाताखाली गोयोची मांडी एकदम दगड झाली. मी विचारलं, दुखलं का? बाई मुलाला घेऊन गेल्यावर तो उठून बसला आणि आपणहून सांगायला लागला.

जर्मन मैदानांवर 'हा चेंडू सोड, मी घेतो' असं म्हणायचं असेल तर 'लेओ' ओरडतात. का ते त्यालाही माहीत नव्हतं. आल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवलेला शब्द. त्याच्या दुसऱ्या सीझनची शेवटची मॅच होती. बरोबरी झाली असती तरी क्लब दुसऱ्या लीगमध्ये टिकणार होता. मोजकी मिनिटं उरलेली. समोरून एक उंच, साधा चेंडू आला. "शाळकरी पोरगासुद्धा डोक्याने मारेल असा," गोयो म्हणाला. तो उडी मारणार, एवढ्यात मागून ऐकू आलं, 'लेओ!' गोलकीपर पुढे आलाय असं समजून गोयोने मान खाली घेतली. चेंडू डोक्यावरून गेला. गोलकीपर जागेवरच उभा होता. दोघांच्या मधे चेंडूने एक टप्पा घेतला, आणि समोरच्या संघातला एक जण आरामात चालत येऊन तो आत ढकलून गेला. क्लब खाली गेला.

गोलकीपरने टीव्हीवर सांगितलं, मी ओरडलोच नव्हतो.

"मग कोण ओरडलं?"

गोयोने खांदे उडवले. "समोरच्यांपैकी कुणी. स्टँडमधून कुणी. व्हिडिओमध्ये गर्दीचा आवाज आहे, बाकी काही नाही."

"पण तू तर ऐकलंस ना?"

"त्या दिवशी ऐकलं होतं," तो म्हणाला. "त्यानंतर रोज ऐकतोय. म्हणून आता माहीत नाही."

मग त्याने त्या शहराबद्दल सांगितलं. रस्त्यात कुणी मारलं नाही, खिडकी फोडली नाही. पण बेकरीत ब्रेड घ्यायला हात पुढे केला की रांगेत मागे कुणीतरी हळूच म्हणायचं, 'लेओ'. रोज नाही, महिन्यातून एखाद्या वेळी. विसर पडायला लागला की बरोबर तेव्हा. गोयो दचकून मागे बघायचा, तर सगळे चेहरे ब्रेडकडे. आंकेचे वडील क्लबचे जुने भक्त. रविवारी जेवायला गेलं की त्या मॅचचा विषय ते कधीही काढायचे नाहीत. बटाटे पुढे करायचे. गोयो म्हणाला, त्या बटाट्यांपेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

"आंके म्हणायची, तू त्या मॅचहून अजून घरी आलेला नाहीस," एवढं सांगून तो पुन्हा आडवा झाला आणि विचारलं, "अजून किती वेळ?"

वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. गुडघा थोडा सुधारायचा आणि एका मॅचमध्ये सगळं मातीत जायचं. मी फ्राउ केस्लरला म्हटलं, याने थांबायला हवं. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण हे त्याने ठरवायचं."

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तो नेहमीच्या वेळेआधी आला. दाढी केलेली, केस कापलेले. चौथ्या लीगमधला त्याचा क्लब आणखी एक वर्षाचा करार द्यायला तयार होता. ते वर्ष खेळला, की पुढे लहान मुलींच्या संघाचा ट्रेनर म्हणून कायम. राहायची खोली क्लबचीच. तिथून लुसियाची शाळा चालत दहा मिनिटं. फक्त क्लबच्या डॉक्टरला आमच्याकडून बेरिश्ट हवा होता, गुडघा किती वाकतो आणि किती ताण घेतो याचा लेखी अहवाल.

मी कोनमापक लावून मोजलं. एकशे पाच अंश. पुन्हा मोजलं. तेवढेच.

"एकशे वीस लागतात," गोयो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"पंधरा अंश, बाइदेई." त्याने दोन तळहात एकमेकांजवळ धरून मला पंधरा अंश दाखवले. खरंच फार कमी होते. "मी खेळणार नाही. बेंचवर बसेन. ट्रेनरशी बोललोय. एक वर्ष बसायचं आहे फक्त. बसायला एकशे पाच पुरतात."

"आणि कुणी जखमी झालं, तुला आत जावं लागलं तर?"

त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हाच त्याचा घोटाळा होता. मला म्हणू शकला असता, नाही जाणार. तसं म्हणाला नाही.

मी फ्राउ केस्लरकडे गेले. तिने संगणकावरून मान वर न करता सांगितलं, "जे मोजलंस ते लिही. तुझी सही आहे त्यावर." मला तीन वर्षं चादरी बदललेल्या आठवल्या. घरी मंदारला विचारायची गरज नव्हती, तो काय म्हणेल ते ठाऊक होतं. आणि गोयोचा तो गुडघा आणखी एका मॅचमध्ये कायमचा गेला असता, हेही ठाऊक होतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरी होती सगळी. आजही देते, आणि आजही त्यातलं आधी कुठलं होतं ते सांगता येत नाही.

एकशे पाच लिहिलं. गोयोने कागद वाचला, तो आकडा बोटाने शोधला. आभार मानत म्हणाला, "दांके, बाइदेई." खरं तर रागवायला हवं होतं त्याने. पँट खाली केली, बूट घातले. खाली वाकताना आदल्या आठवड्यात मी शिकवलं होतं तसंच नीट वाकला.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्यानंतरच्या शुक्रवारीही नाही.

करार झाला नाही. खोली गेली. ऑटोबानजवळच्या एका गोदामात त्याला काम मिळालं, पार्सलं स्कॅन करायचं. आठ तास उभं राहून. हे मला त्याच्याकडून कळलं ते ट्रामच्या स्टॉपवर, पाच-सहा महिन्यांनी. अंगात पिवळं जॅकेट होतं, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी विचारलं, व्यायाम करतोस का? म्हणाला, "या, या," म्हणजे हो, हो. करत नव्हता, ते त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. सगळा भार डाव्या पायावर होता. मग लुसियाची चौकशी केली. आंकेच्या नव्या जोडीदाराला कीलला नोकरी लागली होती, आणि तिघं तिकडे गेली होती, पार उत्तरेला, समुद्राकाठी. कोर्टात जा, असं त्याला कुणीतरी सुचवलं होतं. "जाऊन काय सांगू?" गोयो म्हणाला. "न्यायाधीश विचारेल, तू कुठे राहतोस. मी एका खोलीत चार माणसांबरोबर राहतो." या वेळी त्याने हातांनी उंची दाखवली नाही. ट्राम आली आणि मी चढले. मला उतरता आलं असतं. पुढच्या पेशंटची वेळ झाली होती.

मग फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला. गुरुवारी दुपारी दीडची बस, कायमचा चाललो, तुला वेळ असेल तर ये. मी जेवणाच्या सुट्टीत निघाले. घरून डब्यात चिवडा भरून घेतला होता. दुसरं काय द्यायचं ते सुचलं नव्हतं.

रेल्वे स्टेशनमागच्या बसथांब्यावर तो एकटाच उभा होता. एक मोठी बॅग आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. चौदा वर्षांचं सामान तेवढंच. माझ्याकडून डबा घेतला, उघडून वास घेतला, आणि पिशवीत वरच्या बाजूला ठेवला.

"तिकडे काय करणार?"

"भावाचं टायरचं दुकान आहे." मग जरा वेळाने, "टायर उचलायला किती अंश लागतात?"

मी म्हटलं, "गोयो, टायर उचलू नकोस. गल्ल्यावर बस."

"गल्ल्यावर भावाची बायको बसते."

बस उभी होती, लोक सामान ठेवत होते. त्याने खिशातून फोन काढला. "लुसियाचा आवाज आलाय, सकाळी. भरभर बोलते ती. तू ऐक आणि मला सांग."

मी फोन कानाला लावला. बारा वर्षांच्या मुलीचा आवाज, मागे दुसऱ्या मुलींचा कलकलाट. ती म्हणत होती, पापा, मी उन्हाळ्यात स्पेनला नाही येणार, आम्ही डेन्मार्कला चाललोय. आणि पापा, प्लीज रोज फोन करू नकोस ना. तू इतक्या मोठ्याने बोलतोस की सगळ्यांना ऐकू येतं, आणि मला अर्धं कळतच नाही, मग मी काय बोलू. फक्त रविवारी कर. वाईट वाटून घेऊ नकोस, हं. बाय.

गोयो माझ्याकडे बघत होता. एकदाही मागे बघितलं नाही त्याने.

मी म्हटलं, "उन्हाळ्यात ती डेन्मार्कला जातेय, त्यामुळे या वर्षी जमणार नाही म्हणते. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाली. आणि रविवारी फोन कर म्हणाली."

"रविवारी."

"हो."

"नूर," तो म्हणाला. अगदी हळू. म्हणजे फक्त. "नूर रविवारी."

त्याने फोन माझ्या हातातून घेतला, पडदा शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला. मला कळलं, सकाळपासून तो निरोप त्याने कितीदा ऐकला असेल. त्यातला शब्दन् शब्द त्याला कळला होता. चुकीचं ऐकलंय असं कुणीतरी सांगावं, एवढ्यासाठी त्याने मला बोलावलं होतं.

"चांगली जर्मन बोलते ना?" त्याने विचारलं.

"फार छान बोलते."

ड्रायव्हरने घाई केली. गोयो वळला, डावा पाय पायरीवर ठेवला, दांडा धरून उजवा ओढून घेतला. मी काचेतून बघत राहिले. त्याला मधल्या वाटेकडेची जागा मिळाली. बसला आणि उजवा पाय वाटेत लांब केला, कारण तो समोरच्या सीटमागे मावण्याइतका वाकतच नव्हता. ड्रायव्हर माणसं मोजत मागे आला, काहीतरी बोलला आणि त्या पायाकडे बोट दाखवलं. गोयोने मान हलवली. काही समजावून सांगत बसला नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून त्याने पाय उचलला आणि आत घेतला. त्याला दुखतंय हे मला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

बस वळून मुख्य रस्त्याला लागली. दोन वाजता माझा पेशंट होता.